बागुलबुवाचा रिमोट

ऑक्टोबर लागला की आमच्या इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, पब्लिक लायब्ररीत एक बदल होतो. लहान मुलांच्या विभागात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक बुटकं शेल्फ आहे. वर्षभर त्यावर ट्रक, डायनासोर, पोटी ट्रेनिंग वगैरे सटरफटर विषय असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते सगळं उचललं जातं आणि तिथे राक्षस येऊन बसतात. हिरवे, जांभळे, केसाळ, एका डोळ्याचे, सहा हातांचे. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे चक्क गोड! कुणी दात घासतोय, कुणी केक करतोय, कुणाला शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर सोडवत नाहीये.

शनिवारी सकाळी भाच्याला लायब्ररीत नेणे हे खातं माझ्याकडे आहे. (बिनलग्नाच्या माणसाला शनिवारी सकाळी असं काय मोठं काम असतं, हे ताईचं ठाम मत.) भाचेबुवा साडेचार वर्षांचे. त्यामुळे गेल्या दोन ऑक्टोबरांत मी या शेल्फावरची तीस-चाळीस तरी पुस्तकं मोठ्याने, आवाज काढून, काही तर सलग पाच-पाच वेळा वाचलेली आहेत. कोड रिव्ह्यू करतानाही मी इतकं लक्ष देत नाही. आणि इतकं वाचल्यावर माझं एक मत तयार झालंय, ते आज मांडतो.

आधी भारतातल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबर. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा 'साविन' नावाचा जुना केल्टिक सण, आणि त्यावर येऊन बसलेला १ नोव्हेंबरचा ख्रिस्ती 'सर्व संतांचा दिवस'. त्या संधिकाळात मेलेली माणसं, भुतंखेतं इकडे येतात अशी समजूत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. तिकडे ते सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, इकडे त्यांना भोपळा मिळाला. कोरायलाही सोपा, दिसायलाही भारी. पोरांनी दारोदार जाऊन गोळ्या-चॉकलेटं गोळा करायची पद्धत मात्र बरीच अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, ते संपल्यावर ती देशभर खरी फोफावली.

आता हा सण लहान मुलांचा म्हणायचा, पण सजावट बघितली तर मोठ्यांचीही फाटावी. अंगणात थडगी, झाडांना लटकलेली प्रेतं, गवतातून बाहेर आलेले हात. २०२० साली एका मोठ्या दुकानाने बारा फुटी सांगाडा विकायला काढला. तेव्हापासून आमच्या कॉलनीत दर चार घरांमागे एक सांगाडा उभा असतो. डोळ्यांत दिवे वगैरे. बारा फूट म्हणजे एसटीच्या टपापेक्षाही उंच. साडेतीन फुटांचं पोर रोज सकाळी डे-केअरला जाताना त्याच्या दोन पायांकडे बघत जातं. म्हणजे हा महिनाभर राक्षस टाळता येतच नाहीत. मग पोराच्या डोक्यात ते घेऊन कसं जगायचं, याची काहीतरी सोय करावी लागते. ते बुटकं शेल्फ ही ती सोय.

आमच्याकडे ही सोय गेल्या वर्षी अगदी निकडीची झाली. भाचेबुवा रात्री झोपेनात. कपड्यांच्या कपाटात कोणीतरी आहे म्हणे. कोण आहे? माहीत नाही. कसं दिसतं? माहीत नाही. पण आहे. दोन आठवडे रोज रात्री दोन वाजता उठून रडारड. ताई आणि दाजी दोघंही नोकरी करणारे, सकाळी मीटिंगमध्ये डोळे तारवटलेले. आणि त्यात नेमकी आई सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेली. तर या एका बगवर घरात दोन फिक्स चालू होते.

पहिला फिक्स दाजींचा. दाजी आमच्याच लाइनीतले, टेस्टिंगवाले. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, टॉर्च मारला, हँगर बाजूला सारले आणि म्हणाले, "बघ, काही नाहीये. राक्षस नसतात. झोप आता." हे ऐकून मला आमच्या ऑफिसची आठवण झाली. युजर बोंबलत असतो की स्क्रीन गोठते, आणि डेव्हलपर शांतपणे लिहितो, 'माझ्या मशीनवर चालतंय', आणि बग बंद करून टाकतो. युजरचा प्रॉब्लेम तिथेच असतो, वर आता त्याला हेही कळलेलं असतं की यांना सांगून उपयोग नाही. पोराला दिवसा हे पक्कं ठाऊक असतं की कपाटात शर्ट आहेत. रात्री दिवा बंद झाला की शर्ट जातात आणि 'तो' येतो. तीन ते सहा वर्षांच्या वयात अंधाराची, काल्पनिक प्राण्यांची भीती वाटणं अगदी सर्रास असतं. कल्पना जोरात धावायला लागलेली असते आणि तिला ब्रेक अजून बसवायचे असतात. अशा वेळी टॉर्च मारून काही सिद्ध होत नाही.

दुसरा फिक्स आईचा. खरं तर हा फिक्स नव्हताच, हे तिचं जेवण भरवायचं जुनं तंत्र होतं. "पटपट खा राजा, नाहीतर बागुलबुवा येईल." घास तोंडात जायचा, यात शंका नाही. पण रात्री दोनची रडारड वाढली की कमी झाली, ते सांगायला नकोच. ताई एकदा म्हणाली, "आई, प्लीज, बागुलबुवा नको." त्यावर आई म्हणाली, "तुम्ही दोघं त्याच बागुलबुवावर वाढलात ना? काय वाईट झालं तुमचं?" त्यावर ताई फक्त एवढंच म्हणाली, "लग्न होईपर्यंत मी गॅलरीतला दिवा लावून झोपायचे आई, तुला आठवतंय?" पुढचे दोन दिवस घरात बोलणं बेताचंच होतं.

आता बघा, बागुलबुवा आणि शेल्फावरचा राक्षस, दोघंही मुळात खोटेच. मग फरक काय? एक भीतीदायक आणि दुसरा गोड, हे पटकन सुचणारं उत्तर. मला ते पटत नाही. कारण त्या शेल्फावरची जी नुसती गोड पुस्तकं आहेत ना, ती भाचेबुवा एकदा ऐकतात आणि बाजूला ठेवतात. राक्षसाला टेडी बेअर करून टाकलं की पोराला तो राक्षस वाटतच नाही. कपाटातला तो वेगळाच, तो अजून तिथेच. परत परत वाचायला आणली जातात ती पुस्तकं वेगळी आहेत, आणि त्यातले राक्षस बऱ्यापैकी दातवाले आहेत.

पहिलं उदाहरण, एड एम्बर्ली यांचं 'गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!' १९९२ सालचं पुस्तक. एम्बर्ली म्हणजे गोल-त्रिकोण-रेघा जोडून काहीही काढायला शिकवणारी पुस्तकं करणारे गृहस्थ. या पुस्तकात पानांना भोकं पाडलेली आहेत. पहिल्यांदा काळ्या पानावर फक्त दोन पिवळे डोळे. पान उलटलं की नाक येतं. मग लाल तोंड आणि पांढरे टोकदार दात. मग कान, जांभळे विस्कटलेले केस, आणि शेवटी पूर्ण हिरवा चेहरा. पुस्तकाच्या मध्यावर राक्षस संपूर्ण उभा असतो, आणि तो खरंच भयानक दिसतो, अजिबात गोड वगैरे नाही. मग उलटा प्रवास. एकेका अवयवाला 'चालता हो' म्हणायचं, पान उलटायचं, आणि तो अवयव गायब. केस गेले, कान गेले, दात गेले... शेवटी नुसतं काळं पान. आणि परत केव्हा यायचं, याची अटसुद्धा पोरानेच घालायची.

हे पुस्तक मी इंजिनियरच्या नजरेने बघितलं तेव्हा थक्क झालो. काही उपदेश नाही, 'घाबरू नकोस बाळा' नाही. नुसती यंत्रणा. राक्षस जोडणारा पोराचा हात, काढणाराही पोराचा हात. जोडणी आणि अनडू, दोन्ही त्याच्याकडे. आणि आधी तो पूर्ण जोडावा लागतो, हे महत्त्वाचं. अर्धवट राक्षस घालवता येत नाही.

दुसरं, 'द मॉन्स्टर अ‍ॅट दी एंड ऑफ धिस बुक'. १९७१ सालचं. 'सेसमी स्ट्रीट' हा टीव्हीवरचा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, त्याच्या कर्त्या मंडळींपैकी जॉन स्टोन यांनी लिहिलेलं, चित्रं मायकेल स्मॉलिन यांची. त्यातला निळा, केसाळ ग्रोव्हर पुस्तकाचं नाव वाचतो आणि त्याची पाचावर धारण बसते. पुस्तकाच्या शेवटी राक्षस आहे! मग तो वाचणाऱ्याला गयावया करतो, की बाबा रे, पान उलटू नकोस. पान दोरांनी बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंत बांधतो. आणि आपलं साडेचार वर्षांचं पोर दोन बोटांनी पान उलटतं आणि भिंत कोसळते! भाचेबुवा इथे इतके हसतात की उचकी लागते. शेवटच्या पानावर राक्षस निघतो तो स्वतः ग्रोव्हरच. म्हणजे घाबरणाराही तोच आणि राक्षसही तोच. पोराला हे तत्त्वज्ञान कळतं की नाही देव जाणे, पण एक गोष्ट नक्की कळते: इथे घाबरलेला कोणीतरी दुसरा आहे, आणि त्याला घाबरवायची ताकद आपल्या बोटात आहे.

आणि मग या सगळ्यांचा बाप, मॉरिस सेंडॅक. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३. हे हॅलोवीनचं पुस्तक नाही, पण दर ऑक्टोबरला त्या शेल्फावर असतंच. यामागचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. सेंडॅकना आधी जंगली घोड्यांवर पुस्तक करायचं होतं. पण त्यांना घोडे काढता येईनात! मग संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी विचारलं, तुम्हाला येतं तरी काय काढता? तेव्हा घोड्यांच्या जागी नुसते 'थिंग्ज' आले. आणि हे राक्षस त्यांनी कुठून उचलले? तर ब्रुकलिनमधल्या आपल्या लहानपणीच्या काका-मामा-मावश्यांवरून. पोलंडहून आलेले ज्यू नातेवाईक दर रविवारी घरी जेवायला यायचे. वेडेवाकडे दात, नाकातले केस, गालगुच्चे, आणि 'किती गोड आहेस, खाऊनच टाकते तुला' हे पेटंट वाक्य. वाचताना मी मोठ्याने हसलो. आपल्याकडे प्रत्येक लग्नात अशा दोन मावश्या असतात की नाही सांगा! :)

तर या पुस्तकातला मॅक्स घरात धुडगूस घालतो. आई चिडून न जेवता झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या बेटावर जातो. राक्षस दात विचकतात, नखं दाखवतात. मॅक्स पापणी न हलवता त्यांच्या डोळ्यांत बघतो, ते गारद, आणि हा त्यांचा राजा. यातली चित्रंसुद्धा हुशार आहेत. सुरुवातीला लहान, भोवती पांढरी जागा. जसं जंगल वाढतं तशी चित्रं पसरत जातात, आणि राक्षसांबरोबरच्या दंगामस्तीची तीन जोडपानं तर संपूर्ण चित्रांची, एकही शब्द नाही. मग चित्रं परत आक्रसत जातात. शेवटच्या पानावर चित्रच नाही. मॅक्स परत आलाय, जेवण खोलीत वाट बघतंय आणि ते अजून गरम आहे.

पुस्तकाला १९६४ साली कॅल्डेकॉट पदक मिळालं, पण मोठ्यांमध्ये कुरबुर बरीच झाली. ब्रूनो बेटलहाइम या नावाजलेल्या बालमानसतज्ज्ञांनी १९६९ मध्ये एका महिला मासिकातल्या सदरात त्याच्यावर टीका केली, तीही पुस्तक न वाचता, आयांकडून वर्णन ऐकून. त्यांचा मुख्य आक्षेप राक्षसांवर नव्हताच. आई उपाशी झोपायला पाठवते, यावर होता. मला वाटतं, प्रश्न त्यांनी बरोबर जागी पकडला, पण उत्तर बघितलं नाही. पोराला खरी धास्ती राक्षसाची नसते, आईच्या रागाची असते. आणि त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर गरम वाफाळत ठेवलेलं आहे.

आता मला काय म्हणायचंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. चांगल्या राक्षसाच्या पुस्तकात राक्षस किती गोड आहे हा मुद्दा गौण आहे. रिमोट कोणाच्या हातात आहे, हा खरा मुद्दा. ग्रोव्हरला घाबरवायचं की नाही हे पोर ठरवतं. मॅक्स राक्षसांना 'आता पुरे' म्हणतो आणि ते थांबतात, 'जाऊ नको' म्हणून गळ घालतात तरी तो निघतो. मर्सर मेयर यांच्या १९६८ सालच्या पुस्तकात कपाटातून बाहेर आलेलं दुःस्वप्न स्वतःच रडायला लागतं, आणि पोरगा त्याला आपल्या पलंगावर आणून झोपवतो. आणि बागुलबुवा? त्याचा रिमोट कायम मोठ्यांच्या हातात. तो कधी येणार, का येणार, कधी जाणार, सगळं आजी ठरवणार. त्याला डोळे किती, दात किती, कोणालाच माहीत नाही. त्याचं स्पेसिफिकेशनच कधी कुणी लिहिलेलं नाही, आणि तीच त्याची खरी ताकद आहे. ज्याला आकार नाही त्याला 'चालता हो' म्हणणार कसं?

हे नुसतं माझं हवेतलं मत नको म्हणून सांगतो. अंधाराची फार भीती वाटणाऱ्या मुलांवर व्हर्जिनिया टेकमधल्या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा अभ्यास केला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुलं मोजकीच होती, त्यामुळे फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. आईवडिलांनी घरी एक गोष्टीचं पुस्तक वाचायचं आणि त्यातले अंधारातले खेळ मुलांबरोबर खेळायचे, एवढाच उपचार. बहुतेक मुलांची भीती कमी झाली. त्या पुस्तकाचं नाव 'अंकल लाइटफुट, फ्लिप दॅट स्विच'. बटण दाबायचं ते पोराने, हे नावातच आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकन खूळ, आपल्याकडे कुठे असलं काही. असं अजिबात नाही. या शेल्फावर लिंडा विल्यम्स यांचं १९८६ सालचं एक पुस्तक आहे, कशालाही न घाबरणाऱ्या म्हातारीचं. ती रात्री जंगलातून घरी निघालेली असते, आणि एकेक करून बूट, पँट, शर्ट, हातमोजे, टोपी, शेवटी भोपळ्याचं डोकं तिच्या मागे लागतं. घरी पोचून दार लावल्यावर ती त्या सगळ्यांना एक आयडिया देते, आणि सकाळी ते सगळे मिळून शेतातलं बुजगावणं झालेले असतात. जंगल, म्हातारी, भोपळा! मला लगेच आपली लेकीकडे निघालेली म्हातारी आठवली. वाघ-कोल्ह्याला 'तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा' म्हणून गंडवणारी, आणि परत येताना भोपळ्यात बसून सटकणारी. ती गोष्ट ऐकताना आपल्यापैकी कोण घाबरलं होतं? वाघाला काय सांगायचं ते म्हातारी ठरवत होती, आणि आपण तिच्याबरोबर भोपळ्यात बसलेलो होतो.

आणि ते भूत आठवतंय? ज्याला सतत काम द्यावं लागतं, नाहीतर मालकालाच खातं? शेवटी त्याला अंगणात खांब पुरून 'यावर चढ, उतर, परत चढ' असं सांगितलं जातं. जगातला पहिला इन्फिनिट लूप मराठी पोरांनी आजीकडून ऐकलेला आहे! रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण घ्या. आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. चेटकीणच, पण थिएटरभर पोरं तिला बघायला हपापलेली. मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस'ही लिहिलं. गोव्यात तर दिवाळीच्या आदल्या रात्री पोरंच गल्लीगल्लीत अगडबंब नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. कागद चिकटवणारे, दात रंगवणारे, काडी लावणारे तेच. एम्बर्लींच्या पुस्तकाचीच ही वीस फुटी आवृत्ती म्हणा ना. म्हणजे राक्षस पोरांच्या ताब्यात द्यायची रीत आपल्याकडे होतीच. आपण फक्त गोष्टीच्या वेळी एक रीत पाळतो आणि जेवणाच्या वेळी दुसरी.

बरं, आमच्या घरी पुढे काय झालं? हिरव्या राक्षसाचं पुस्तक आम्ही तीन आठवडे वापरलं. (उशीर झाल्याचा दंड आमच्या लायब्ररीत नसतो म्हणून बरं.) भाचेबुवांना सवयच लागली, कुठलाही राक्षस दिसला की अवयव मोजायचे. अंगणातल्या सांगाड्याचेही मोजून झाले. मग एका रात्री जेवताना आई सवयीने म्हणाली, "खा हं, नाहीतर बागुलबुवा..." आणि भाचेबुवांनी घास हातात धरून शांतपणे विचारलं, "आजी, त्याला डोळे किती?"

आई गडबडली. साठ वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "दोन," ती म्हणाली. "कुठल्या कलरचे?" "...तपकिरी असतील." "दात?" आईने जरा विचार केला. "दात पडलेत रे त्याचे. म्हातारा झाला ना तो." "मग तो मला खाणार कसा?" आई म्हणाली, "वरणभात खातो." टेबलावर दाजी खाली मान घालून हसत होते. जेवण झाल्यावर आजी-नातवाने मिळून बागुलबुवा कागदावर काढला. तपकिरी डोळे, बोळकं तोंड, नाशिकच्या आजोबांसारखा सदरा. मग भाचेबुवांनी रीतसर एकेका अवयवावर हात ठेवून त्याला घालवला. चष्मा राहिला होता, तो आजीने घालवला.

त्या रात्रीपासून पोर एकदम शांत झोपायला लागलं, असं मी लिहिणार नाही, कारण तसं होत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा अजूनही उठतो. पण उठला की किंचाळत नाही. "कपाटात आहे," असं सांगतो आणि स्वतः दार उघडायला जातो. आपण फक्त मागे उभं राहायचं. किंमतही मोजावी लागली आहे: बागुलबुवाचं हत्यार गेल्यामुळे जेवणाला आता पाऊण तास लागतो, आणि आई मला अधूनमधून ऐकवते, "तुझ्या त्या पुस्तकांमुळे झालंय हे." मला हा सौदा परवडला. भरवणारा मी नाही, हे त्याचं एक कारण असू शकतं. :)

असो. तुमच्या घरात किंवा शेजारात तीन-चार वर्षांचं पोर असेल, तर असं पुस्तक निवडताना मी एवढंच बघतो. राक्षसाला थोडे तरी दात हवेत. पोराला करायला काहीतरी हवं: मोजणं, ओरडणं, उलटणं, हाकलणं. आणि संपताना ते सुखरूप आपल्या घरी, आपल्या माणसांत असायला हवं. त्याला नको असेल तर पुस्तक मध्येच बंद करायचं, 'शेवट तरी बघ' म्हणून मागे लागायचं नाही. बंद करणं हाही त्याच रिमोटचा भाग आहे. इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत वाचलं तरी काही अडत नाही, आवाज मात्र दणकून काढा. आणि पुस्तकच मिळालं नाही तर एक कागद, चार खडू आणि एक आजी पुरते.

आणि हो, कितीही मोह झाला तरी पान तुम्ही उलटू नका. ते त्याला उलटू द्या.